थंड पाण्यात गरवायला दोघं जाताना: जागा, वेळ, चारा आणि बाकीचं

प्रश्न थोडक्यात असा. दोघं मित्र तलावाच्या किनाऱ्यावरून रॉड-रीलने गरवतात. उन्हाळ्यात एका ठरलेल्या कोपऱ्यात त्यांना कार्प आणि इतर मासे भरपूर लागतात. थंडी पडल्यावर मात्र त्याच जागी, त्याच आमिषाने, पहाटेपासून बसूनही दिवसभर फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण) हलत नाही. पाणी 8 ते 10 अंश सेल्सिअसवर आलेलं आहे. साधनं बदलायची, की थंडीत जायचंच नाही?

जरूर जा. आधी जागा बदला, मग वेळ, मग चाऱ्याचं माप. रॉड-रीलचा विचार सगळ्यात शेवटी. उन्हाळ्यात चारा टाकून माशाला बोलावता येतं. थंडीत तो बोलावण्याला येत नाही, आपल्यालाच त्याच्या दारात जावं लागतं. दार कुठे आहे हे शोधण्यातच निम्मा दिवस जातो, आणि तेच काम दोघांत वाटून घेता येतं.

माशाच्या शरीराचं तापमान म्हणजे पाण्याचं तापमान. पाणी 10 अंशांनी उतरलं की त्याच्या शरीरातल्या क्रिया ढोबळमानाने निम्म्या वेगाने चालतात. पचन मंदावतं, भूक मंदावते, आणि उगाच पोहून शक्ती घालवणं त्याला परवडत नाही. कॉमन कार्प 10 अंशांखाली फार कमी खातो आणि 5-6 अंशांवर जवळजवळ थांबतो. रोहूसारख्या उबदार पाण्यातल्या कार्पना तर 14 अंशांच्या आसपासच जड जायला लागतं. ट्राउट मात्र 10 ते 15 अंशांत मजेत असतो, आणि पर्च व पाइक त्याहून थंड पाण्यातही शिकार करतात. तेव्हा तुमच्या तलावात कोणते मासे आहेत हे आधी पाहा. फक्त उष्ण पाण्यातले मासे असतील आणि पाणी 8 अंशांवर असेल, तर दिवसाला दोन-तीन मासे हाच चांगला दिवस समजा.

तलावाचं पाणीही या काळात उलथंपालथं होतं. उन्हाळ्यात खोल तलावात वर गरम, हलकं पाणी आणि खाली गार, जड पाणी असे थर असतात. खालच्या थरात ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून मासे तिथे फार जात नाहीत. वरचं पाणी गार होत गेलं की जड होऊन खाली बसायला लागतं, थर मोडतो आणि वाऱ्याने सगळा तलाव ढवळून निघतो. पाणी अचानक गढूळ दिसायला लागलं, कुजक्या पानाचा वास येऊ लागला, तळातला कचरा वर तरंगू लागला, म्हणजे हे ढवळणं चालू आहे. त्या काळात मासे विखुरलेले असतात. आठवडाभर थांबलेलं बरं. ढवळणं संपल्यावर वरपासून तळापर्यंत ऑक्सिजन आणि तापमान जवळपास सारखं होतं आणि उन्हाळ्यात ओस पडलेले खड्डे राहण्याजोगे होतात. तुमचा उन्हाळी कोपरा उथळ आणि वनस्पतींनी भरलेला असणार. थंडीत त्या वनस्पती मरून सडतात, तिथला आडोसा आणि किडे दोन्ही संपतात, आणि मासे निघून जातात. तुम्ही रिकाम्या घराची कडी वाजवत बसला होतात.

“थंडीत मासे खोलात जातात” हे वाक्य सगळे म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. पाणी 4 अंशांना सर्वांत जड असतं. म्हणून पृष्ठभाग 4 अंशांखाली गेला किंवा गोठला, की तळ वरच्यापेक्षा उबदार असतो आणि मासे खरोखरच खोलात दबून राहतात. पण पाणी 8 ते 12 अंश असताना तसं बंधन नसतं. रात्री आणि सकाळी ते खोल भागात असतात, आणि ऊन लागून काठाकडचं पाणी अर्ध्या-एका अंशाने तापलं की उताराने वर सरकतात. म्हणून पकडायची जागा म्हणजे खोल भाग आणि उथळ भाग यांना जोडणारा उतार, विशेषतः जिथे दोन-अडीच मीटरचं पाणी एकदम चार-पाच मीटर होतं ती कडा. तलाव मुळातच सगळीकडे दीड-दोन मीटर असेल, तर त्यातला अर्धा मीटर जास्त खोल खळगासुद्धा मोठी जागा ठरते.

कडा शोधायची पद्धत सोपी आहे आणि तिला अर्धा तास द्यायलाच हवा. गळ न बांधता तंगुसाच्या (गरवायच्या बारीक दोरीच्या) टोकाला 20 ते 30 ग्रॅमचं शिसं लावा. टाका, शिसं पाण्याला लागताच रीलची बेल (तंगूस सोडणारी-अडवणारी तारेची कडी) हाताने बंद करा आणि तंगूस ताठ ठेवून सेकंद मोजा. तंगूस सैल पडला की शिसं तळाला पोचलं. किनाऱ्याजवळ, जिथे खोली रॉडने किंवा फ्लोटने मोजता येते, तिथे एकदा तपासून घ्या की तुमचं शिसं एका मीटरला किती वेळ घेतं. मग पुढचे आकडे मीटरमध्ये बदलता येतात. एकाच ओळीत 10, 15, 20, 25 मीटरवर टाकत जा. आकडा जिथे एकदम वाढतो तिथे कडा. मग शिसं तळावरून हळू ओढा: खडखड जाणवली तर खडी, जड चिकट ओढ म्हणजे गाळ, अडकून सुटत राहिलं तर वनस्पती. गाळ आणि खडी जिथे भेटतात तिथे अन्न साचतं. हे करताना दोघांनी दोन दिशांना 15-20 मीटर अंतराने उभं राहायचं आणि आकडे एकमेकांना सांगत कागदावर उतरवायचे. एकट्याला जे चित्र तासाभरात मिळतं, ते दोघांना अर्ध्या तासात मिळतं. त्या जागी नंतर नेमकं पुन्हा टाकता यावं म्हणून समोरच्या काठावरचं एखादं झाड निशाणी धरा आणि तंगूस स्पूलच्या (रीलवर तंगूस गुंडाळलेल्या चाकाच्या) क्लिपमध्ये अडकवून अंतर पक्कं करा. मोठा मासा लागण्याची शक्यता असेल तर क्लिपमधून तंगूस लगेच काढून घ्या, नाहीतर मासा पळाला की तंगूस क्लिपपाशी तुटणारच.

वाऱ्याचं गणित उन्हाळ्याच्या उलट होतं, आणि इथे भले भले चुकतात. उन्हाळ्यात वारा ज्या काठावर आदळतो तिकडे गरम पाणी आणि अन्न जमा होतं, म्हणून त्या काठावर बसतात. थंड वारा मात्र वरचं पाणी आणखी गार करतो आणि तेच गार पाणी समोरच्या काठाला नेऊन लोटतो. थंडीत वारा पाठीवर घेऊन, आडोशाच्या काठावर बसा. तिथे पाणी शांत असतं, माशाचा नाजूक चावा दिसतो आणि तुम्हीही कमी गारठता. दक्षिणेकडून किंवा नैर्ऋत्येकडून उबदार ओला वारा दोन-तीन दिवस सतत वाहत असेल, तर अपवाद. तेव्हा वाऱ्याच्या तोंडावर बसायला हरकत नाही. हे उत्तर गोलार्धातलं; दक्षिण गोलार्धात दक्षिणेऐवजी उत्तर आणि नैर्ऋत्येऐवजी वायव्य धरावी. उन्हाचंही तसंच. सूर्य खाली असतो, त्यामुळे सूर्याच्या बाजूच्या काठावरची झाडं समोरच्या पाण्यावर लांब सावली टाकतात. दुपारपर्यंत सावलीत राहणारं पाणी सोडा. सकाळी दहापासून ऊन लागतं ते निवडा.

यावरून वेळही ठरते. पहाटे पाचला उठून जाण्यात काही अर्थ नाही. ती उन्हाळ्याची सवय. रात्रभर गार झालेलं पाणी सकाळी सर्वांत थंड असतं. दहाच्या सुमारास पोचा, तासभर पाणी मोजण्यात आणि तयारीत घालवा, आणि साडेअकरा ते सूर्यास्ताआधीचा तास हा खरा वेळ धरा. बहुतेक हालचाल दुपारी एक ते चारमध्ये होते. ढगाळ, वारा नसलेला, तीन-चार दिवस एकसारख्या तापमानाचा काळ सगळ्यात चांगला. मासे थंडीला सरावतात, पण अचानक उतरलेल्या पाऱ्याला सरावायला त्यांना वेळ लागतो. काल रात्री पारा आठ-दहा अंशांनी पडला असेल तर आज जाऊ नका. तीच थंडी टिकून राहिली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जा. निरभ्र, कडक उन्हाची आणि दव गोठवणाऱ्या रात्रीची जोडी फसवी असते. दिवस सुंदर दिसतो, पण पाणी रोज थोडं थोडं उतरतच असतं. खिशात 1 मीटर दोरी बांधलेला साधा थर्मामीटर ठेवा. काठाच्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून वाचा, आणि दर फेरीला तारीख, वेळ, अंश वहीत लिहा. आकडा किती आहे यापेक्षा तो चढतोय की उतरतोय हे जास्त सांगून जातं.

आता दोघांची वाटणी. दोघांनी शेजारी शेजारी एकच आमिष एकाच खोलीवर लावून बसणं म्हणजे एका गळाने गरवण्यासारखंच आहे. सुरुवातीला 15 ते 20 मीटर अंतर ठेवा. एकाने कडेच्या खालच्या अंगाला तळावर, दुसऱ्याने वरच्या अंगाला फ्लोटने. एकाचं आमिष गांडुळाचा तुकडा, तर दुसऱ्याचं पाव किंवा मका. वीस-पंचवीस मिनिटांत काही नाही, तर प्रत्येकाने एकच गोष्ट बदलायची, आमिष किंवा खोली किंवा अंतर, आणि काय बदललं ते दुसऱ्याला सांगायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर मासा कशामुळे लागला हे कधीच कळत नाही. चाळीस-पन्नास मिनिटांत दोघांकडेही काही नसेल तर एकाने तिथेच थांबावं आणि दुसऱ्याने हलकं सामान घेऊन पन्नास मीटर पुढे जावं. थंडीत मासे घोळक्याने एका लहान जागेत राहतात. तुमच्या आमिषापासून पाच मीटरवर शंभर असतील आणि आमिषाजवळ एकही नसेल. एकाला पहिला मासा लागला की दुसऱ्याने जवळ यावं, पण गळ त्याच ठिपक्यावर न टाकता दोन-तीन मीटर बाजूला टाकावा. उत्साहात दोघंही तिथे मूठमूठ चारा फेकतात आणि चालू झालेली जागा दहा मिनिटांत बंद पाडतात.

टाकण्याआधी मागे पाहून “टाकतोय” म्हणायची सवय लावा. जाड टोप्या घातल्यावर ऐकू आणि दिसायला कमी येतं, आणि गळ कानात अडकायला तेवढंच पुरतं. गॉगल किंवा साधा चष्मा असू द्या.

फ्लोटची जोडणी अशी. लहान-मध्यम माशांसाठी रीलवर 0.16 मिलिमीटर तंगूस, गळाजवळचा वेगळा पातळ तुकडा 0.12 मिलिमीटर, लांबी 30 सेंटिमीटर. अळीसाठी 16 ते 18 क्रमांकाचा गळ. गांडुळाच्या तुकड्यासाठी, मक्यासाठी किंवा पिठाच्या गोळीसाठी 12 ते 14. दोन-तीन किलोचा कार्प लागू शकत असेल तर वरचा तंगूस 0.20 आणि खालचा 0.16 ते 0.18 करा, याहून बारीक जाण्याचा मोह नको, कारण तुटलेला तंगूस तोंडात घेऊन फिरणारा मासा तुमच्या बारकाईची किंमत मोजतो. फ्लोट 1 ते 1.5 ग्रॅमचा, बारीक टोकाचा. तंगुसावर दाबून बसवायच्या वजनाच्या मण्यांपैकी दोन तृतीयांश वजन फ्लोटच्या बुडाशी लावा, उरलेले लहान मणी खाली विखरून लावा आणि शेवटचा सर्वांत लहान मणी गळापासून 15 ते 20 सेंटिमीटरवर. पाण्यावर टोक फक्त 3 ते 5 मिलिमीटर दिसेल इतकं वजन भरा. उन्हाळ्यात दोन सेंटिमीटर टोक वर ठेवून चालतं, कारण मासा ते ओढून नेतो. थंडीत तो आमिष उचलतो, तिथल्या तिथे चघळतो आणि थुंकतो. दोन सेंटिमीटर टोकाला त्याचा पत्ताही लागत नाही. “दिवसभर फ्लोट हलला नाही” असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा फ्लोट हलला असतो, दिसला नसतो.

खोली मोजून आमिष आधी तळाला जेमतेम टेकेल असं लावा. चावा नाही आला तर खोली वाढवून 5 सेंटिमीटर तंगूस तळावर पडू द्या, मग 10. तळावर पडलेलं आमिष वाऱ्याने न सरकता राहतं, आणि आळशी मासा हलणाऱ्या आमिषामागे जात नाही. टाकून झाल्यावर रॉडचं टोक पाण्याखाली घालून दोन फिरक्या जोरात मारा म्हणजे तंगूस बुडेल. पृष्ठभागावर राहिलेला तंगूस वाऱ्याने कमान धरतो आणि फ्लोटला ओढत नेतो.

तळावर गरवणाऱ्याने मऊ कंपटोकाचा (चाव्याने लगेच थरथरणाऱ्या नाजूक टोकाचा) रॉड वापरावा. शिसं जागेवर टिकेल इतकंच, म्हणजे शांत तलावात 10 ते 15 ग्रॅम. गळाकडचा तुकडा 50 ते 75 सेंटिमीटर. रॉड काठाला समांतर, टोक खाली, वाऱ्याच्या आड, आणि तंगूस इतकाच ताठ की टोकाला किंचित बाक येईल. टोक पुढे वाकणं ही एक खूण. बाक सुटून टोक सरळ होणं ही दुसरी, आणि ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तेव्हा मासा आमिष घेऊन तुमच्याकडे आलेला असतो. अशा वेळी आधी सैल तंगूस भरभर गुंडाळा, मग रॉड उचला. एरवीही जोराचा झटका नको. 0.12 चा तंगूस जोरदार झटक्याने गाठीपाशीच तुटतो. रॉड एका लयीत बाजूला उचलला तरी बारीक, धारदार गळ आपोआप रुततो. धार नखावर तपासा: टोक नखावर अलगद टेकवून ओढलं तर रुतायला हवं, घसरत असेल तर गळ बदला.

रीलचा ड्रॅग (मासा ओढताना तंगूस सोडणारा ब्रेक) तंगुसाच्या ताकदीच्या चौथा ते तिसरा हिस्सा ठेवा. 3 किलोच्या तंगुसाला तो 750 ग्रॅम ते 1 किलोवर सुटायला हवा. वजनाचा काटा तंगुसाच्या टोकाला बांधून ओढून बघा. हे घरी करून उपयोगाचं नाही. थंडीत रीलमधलं घट्ट ग्रीस आणखी घट्ट होतं आणि घरी गुळगुळीत सुटणारा ड्रॅग काठावर धक्क्याधक्क्याने सुटतो. थंडीपुरतं रीलला पातळ तेल द्यावं आणि काठावर पोचल्यावर पुन्हा तपासावं. वेणीचा तंगूस पाणी धरून ठेवतो आणि पारा शून्याखाली गेला की कड्यांमध्ये गोठतो. एकपदरी नायलॉन त्यामानाने बरा, मात्र तो ताठर होऊन रीलवरून वेटोळ्यांत सुटतो. सुरुवातीला वीसेक मीटर काढून हाताने हळू ताणला की वेटोळी उतरतात. कड्यांत बर्फ साचला तर बोटाने ओरबाडू नका, टोक पाण्यात बुडवून धरा. पाणी बर्फापेक्षा गरमच असतं. ग्लिसरिनचं बोट आधीच फिरवून ठेवलं तर बर्फ उशिरा धरतो.

गाठी घरून बांधून न्या. गारठलेल्या बोटांनी 18 क्रमांकाच्या गळाला गाठ मारणं अशक्य नाही, पण ती नीट बसली की नाही हे कळत नाही. डोळा (वरच्या टोकाला भोक) असलेल्या गळासाठी पालोमार गाठ सर्वांत भरवशाची: तंगूस दुहेरी करून डोळ्यातून घाला, साधी सैल गाठ मारा, उरलेल्या फाशातून गळ पार करा, थुंकीने ओली करा, सावकाश ओढा. कोरडी ओढली तर घर्षणाने तंगूस तापतो आणि तिथेच कमकुवत होतो. प्रत्येकी आठ-दहा तयार गळ, लांबी लिहून, पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवा.

चाऱ्यावर जरा थांबायला हवं, कारण थंडीतले निम्मे रिकामे दिवस जास्त चाऱ्याने येतात. माशाच्या पोटात पाच घासांची जागा असेल आणि तुम्ही पन्नास घास टाकले, तर तुमच्या गळावरचा घास त्याने घेण्याची शक्यता काय उरली? दोघांना मिळून, चार-पाच तासांसाठी, कोरडा चारा अर्धा किलो पुरतो, त्यातलाही थोडा परत येतो. वाळवून बारीक कुटलेला पाव हा पाया. त्यात तितकीच चाळलेली कोरडी माती मिसळा: मातीने ढग उठतो, वास पसरतो, पोट भरत नाही. पाणी एकदम न ओतता शिंपडत जा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, चाळणीतून काढा. मुठीत एकदा दाबल्यावर गोळा धरायला हवा आणि तळाला पोचल्यावर फुटायला हवा; काठाजवळ टाकून डोळ्यांनी बघा. फार ओला झाला तर तो दगडासारखा पडून राहतो. थंड पाणी स्वच्छ असतं, त्यामुळे पांढरट चारा तळावर चादरीसारखा दिसतो आणि मासे त्यावर यायला कचरतात. मातीमुळे रंगही गडद होतो, हा दुसरा फायदा.

सुरुवातीला अक्रोडाएवढे दोन गोळे, त्यानंतर काही नाही. मासा लागला तर एक गोळा. चावे थांबले तर आठ-दहा अळ्या किंवा चार-पाच मक्याचे दाणे. तासभर काहीच नसेल तर चारा वाढवण्याचा विचार मनात आणू नका, जागा बदला. तेलकट आमिषं आणि तेलाचे वास थंडीत टाळा. तेल गार पाण्यात घट्ट होतं आणि पसरत नाही. पाण्यात विरघळणारा गोड वास चालतो, थेंबभर. कोरडं धान्य किंवा कडधान्य कच्चं कधीच टाकू नका, ते माशाच्या पोटात फुगतं. मका 24 तास भिजवून, अर्धा तास उकळून, त्याच पाण्यात गार करून वापरा. दाणा नखाने सहज दबायला हवा.

गळावर आमिष लहान. अख्खं गांडूळ नको, दोन सेंटिमीटरचा तुकडा. कापलेल्या टोकातून रस पाण्यात सुटतो तोच उपयोगी. पिठाची गोळी उन्हाळ्यापेक्षा मऊ मळा, कारण गार पाण्यात ती कडक होते आणि गळाचं टोक तिच्यातून बाहेर येत नाही. चावा आला, रॉड उचलला, मासा नाही, आणि गोळी तशीच परत आली, असं तीनदा झालं तर हेच कारण. अळ्या गारठून निपचित पडतात. मूठभर अळ्या छोट्या भोकांच्या डबीत घालून आतल्या खिशात ठेवल्या तर गळावर वळवळतात. डबीचं झाकण घट्ट असू द्या.

पर्च किंवा पाइकसाठी खोटं आमिष वापरत असाल तर लहान घ्या आणि तुम्हाला कंटाळा येईल इतकं हळू चालवा. 5 ते 7 सेंटिमीटरचा रबरी मासा, गळ बसवलेलं 5 ते 10 ग्रॅमचं वजनदार डोकं, तळाला टेकू द्या, दोन फिरक्या, मग पाच ते दहा सेकंद थांबा. चावा बहुधा आमिष थांबलेलं असतानाच येतो. पाइकच्या दातांसाठी तारेचा तुकडा हवाच.

मासा लागल्यावर जोडीदाराने आपला गळ बाहेर काढावा आणि जाळी घ्यावी. जाळी पाण्यात बुडवून स्थिर धरायची. मासा जाळीवर आणायचं काम रॉडवाल्याचं. जाळीवाला माशामागे जाळी फिरवायला लागला की मासा दचकतो, जाळीच्या कडेला गळ अडकतो आणि सगळं संपतं. डोकं आधी आत, मग जाळी वर. दांडा न वाकवता आडवी ओढून घ्या. थंडीतला मासा आधी मुकाट येतो आणि काठ दिसताच जीव एकवटून पळतो, तेवढ्यासाठी ड्रॅग आणि हात सैल हवेत.

परत सोडायचा असेल तर हात ओले करून, ओल्या चटईवर, जमिनीच्या अगदी जवळ धरा. कोरडा हातमोजा किंवा गोठलेलं गवत त्याच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडून काढतं. हवा शून्याखाली असेल तर ओले कल्ले काही क्षणांत गोठायला लागतात, म्हणून फोटो दहा सेकंदांत, आणि तोही पाण्यावर धरून. शक्य तर गळ पाण्यातच काढा. गळ घशात गेला असेल तर ओढाओढ न करता तंगूस गळाजवळ कापा. सोडताना तोंड पुढे करून, कल्ले हलेपर्यंत, आधार देऊन धरा. थंड पाण्यात तो सावरायला वेळ घेतो.

कपड्यांचं थोडक्यात: अंगाला घाम सोडणारा पातळ थर, त्यावर लोकर किंवा फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारा. सुती बनियन नको, ते ओलं राहतं. बूट एक माप मोठे. दोन मोज्यांवर घट्ट बसणारा बूट रक्त अडवतो आणि पाय जास्त गारठतात. खुर्चीखाली पायाला फोमचा तुकडा. हातमोज्यांच्या दोन जोड्या, कारण एक ओली होणारच. मोबाइल आतल्या खिशात, गारठ्यात बॅटरी लवकर बसते.

होडीतून जाणार असाल तर लाइफ जॅकेट अंगात हवं, फळीखाली नको. थंड पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिटभर श्वास आपल्या ताब्यात नसतो. धाप लागते, आणि त्यात तोंड पाण्याखाली गेलं तर तिथेच माणूस बुडतो. त्या मिनिटात पोहायला जाऊ नये, नुसतं तरंगावं. पुढची दहाएक मिनिटं हातपाय कामाचे असतात, तेवढ्यात होडी धरायची किंवा काठ गाठायचा. होडी उलटली तरी तिला सोडू नका. दोघांनी एकाच बाजूला उभं राहून मासा पाहणं हे होडी उलटण्याचं सर्वांत साधं कारण, म्हणून जाळीवाल्याने बसूनच काम करावं. काठावरून मित्र पडला तर मागोमाग उडी मारू नका. जाळीचा दांडा पुढे करा किंवा दोरी फेका. 15 मीटर दोरी सामानात असावी. बाहेर काढल्यावर ओले कपडे उतरवा, वारा अडवा, आधी छाती-पोट गरम करा. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका. तो कापायचा थांबला आणि असंबद्ध बोलू लागला तर तो बरा होत नसून आणखी बिघडत असतो, तेव्हा ताबडतोब मदत बोलवा. बर्फ धरलेल्या तलावावर पाय ठेवायचा तर स्वच्छ, घट्ट बर्फ किमान 10 सेंटिमीटर जाड हवा, आणि तोही पावलोपावली भोक पाडून मोजलेला. तुमच्या 8-10 अंशांच्या पाण्यात तो प्रश्न अजून लांब आहे.

परवाना, रॉडची संख्या, चारा टाकायची परवानगी, माशाचं किमान माप, हे त्या तलावाच्या नियमांप्रमाणे. काही पाण्यात काटेरी गळाला बंदी असते, तेव्हा पक्कडीने काटा दाबून घ्या.

परतल्यावर जाळी आणि चटई धुऊन पूर्ण वाळवा. एका तलावातल्या गोगलगायी, वनस्पतींचे तुकडे आणि माशांचे रोग ओल्या जाळीतून दुसऱ्या तलावात जातात. थंडीत जाळी बाहेर टांगून दोन दिवसांत वाळत नाही, आतून ओलीच राहते. घरात टांगा, आणि गाठींपाशी बोट लावून कोरडी झाल्याची खात्री केल्याशिवाय पिशवीत घालू नका.